मागची ओळ

वहिनी झाडांच्या नर्सरीत पाय ठेवते, हेच धाकट्याला खुपायचं. भाऊ गेल्यावर तिने गुपचूप घरात बसावं, एवढीच त्याची माफक अपेक्षा. पण बाबांनी जाहीर केलं होतं, थंडी सरली की नर्सरीच्या किल्ल्या एकाच्याच हातात जातील. तेव्हापासून दीर-भावजयीत विस्तव जात नव्हता.

त्या डोंगराळ गावात पाणी गोठवणारी थंडी पडायच्या आदल्या आठवड्यात वहिनी बादली घेऊन अंगणात बसली. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, खरखरीत फडकं. हिवाळाभर हिरव्या राहणाऱ्या झुडपांच्या साठ कुंड्या होत्या, आणि गिऱ्हाईक बघतच राहावं म्हणून ती एकेक पान घासत होती.

"छान दिसतायत ना, भाऊजी?" तिने मोठ्या मनाने विचारलं.

"झकास. मागची ओळ तेवढी राहिलीये."

मनातून त्याला नुसत्या गुदगुल्या होत होत्या. घास म्हणावं, चांगली घास!

पंधरा दिवसांत कुंड्यांतली माती गोठून दगड झाली आणि साठच्या साठ झुडपं तपकिरी पडली. बाबा काठी टेकत आले. वहिनी रडवेली होऊन म्हणाली, "मामंजी, मी पाणी चुकवलं नाही हो!"

धाकट्याला इतके दिवस धरून ठेवलेलं शहाणपण आवरेना.

"पाण्याचं काय घेऊन बसलात! माती गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही. बाकीची झाडं पानं टाकून मोकळी होतात. ही टाकत नाहीत, कारण यांच्या पानांवर मेणाचा थर असतो. आतला ओलावा आतच राहतो, म्हणून ही हिरवी. वहिनींनी साबणाने तो थरच खरवडून काढला. मी तर पहिल्याच कुंडीला ओळखलं होतं!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. बाबांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी मार देतानासुद्धा त्यांनी असं पाहिलं नव्हतं.

"तिला माहीत नव्हतं. ते मी शिकवीन," ते म्हणाले. "तुला माहीत होतं. तुला आता काय शिकवू?"

थंडी सरायची वाट न पाहता त्यांनी खिशातून किल्ल्या काढून वहिनीच्या हातात दिल्या. तिने डोळे पुसले आणि पहिल्यांदाच दिराकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत दयामाया नव्हती.

"साठ कुंड्या रिकाम्या करायच्यात, भाऊजी. मागच्या ओळीपासून सुरू करा."