आधी बसायचं

“गिरधरले उचलू दे भाऊ. तुही पाठ आता पोरगी उचलायची राहिली नही,” डाळ निवडता निवडता भागाबाई म्हणाली, आणि तिच्या भावाचा, उखर्डूचा, चेहरा एकदम उतरला.

लग्न उद्यावर आलं होतं. लोधीपुऱ्यात भागाबाईच्या दारात मांडव पडला होता. त्यांच्यात नवरीला उंबऱ्यापासून बोहल्यापर्यंत मामानेच उचलून न्यायचं असतं. नवरी मनकर्णा भागाबाईची लेक. तिला सख्खा मामा एकच, उखर्डू, शनवारा भागातल्या कापसाच्या जिनात सरकीची पोती वाहणारा हमाल. गिरधर चुलत मामा, तालमीतला गडी. तो आपला मिशीला पीळ देत तयारच बसला होता.

एके काळी यात काही विशेष नव्हतं. आठ-नऊ वर्षांच्या नवऱ्या मामा लोक कडेवर मारून न्यायचे, निम्म्या तर झोपलेल्याच असायच्या. पण सरकारने नवरी चौदाची तरी हवी असा कायदा काय केला, भाच्या जड झाल्या! मनकर्णेच्या वेळी आधी तो कायदा आडवा आला, मग तिचा बाप गेला आणि वर्ष पाळावं लागलं. तोवर पोरगी सोळाची झाली, कापूस वेचून अंगापिंडाने भरली. “माही भाची भरल्या पोत्यावानी हाय,” असं उखर्डू कौतुकाने चारचौघांत सांगायचा आणि मनकर्णा दोन दिवस त्याच्याशी बोलायची नाही.

गंमत अशी की ओझं कसं उचलावं हे जिनातल्या नव्या गड्यांना उखर्डूच शिकवायचा. “आधी बसायचं. कंबरेत वाकून उचलशीन त मरशीन. बस, माल पोटाशी घे, पाठ ताठ, जोर पायाईले. अन् वळायचं त पावलं फिरव, कंबर नको पिळू.” मनकर्णा लहान असताना पाण्याच्या कुंडीवरची घागरसुद्धा त्याने तिला अशीच उचलायला लावली होती. ती पुढे आणि हा मागे, “पोटाशी घे, पोटाशी!” असं ओरडत. आणि असल्या शहाण्याने मागच्या हंगामात थप्पीवरून घसरलेलं पोतं उभ्याउभ्या, कंबर पिळून झेललं. खाली एक म्हातारी कापूस निवडत बसली होती, तिच्या डोक्यावरच आलं असतं ते. म्हातारी वाचली, पण उखर्डूच्या कंबरेत उसण भरली ती कायमची. तेव्हापासून जिनात तो हलकी पोती बघून उचलायचा आणि कुणी विचारलंच तर “बिलकुल बरा हाय” म्हणून थाप मारायचा.

संध्याकाळी त्याची बायको सोजरबाई त्याला मिठाचा शेक देत होती.

“आवो, हातातून पडली पोरगी त? अन् पाठ पुरी गेली त जिनवाले दारात उभं तरी करतीन का?”

“बाप नही तिले, सोजर. मामानं बी हात वर करायचे का?”

“मंग बसून उचला. जगाले सांगता तसं.”

“भर मांडवात उकिडवा बसू? वऱ्हाडी म्हणतीन, मामा म्हातारा झाला. गिरधर त हसून हसून लोळीन. इज्जत जाईन माही.”

सोजरबाईने पुरचुंडी तव्यावर दाबली. “भाचीच्या पाया त पडसान ना, आपल्यातली रीतच हाय ती? पाया पडाले उभ्यानं पडता का?”

उखर्डू पालथा पडल्या पडल्या हसला, आणि कळ आली म्हणून लगेच थांबला. ही बाई आपल्या घरात आहे याचं त्याला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर मनकर्णा उंबऱ्यात येऊन उभी राहिली. गिरधर बाह्या सारून पुढे झाला. उखर्डू त्याच्या बाजूने गेला, भाचीपुढे टाचांवर बसला आणि त्याने तिच्या पायांवर डोकं टेकवलं. भाचीच्या पाया पडणारा मामा कुणाला नवा नव्हता, कुणी हसलं नाही. मग बसल्याबसल्याच त्याने तिला कवेत घेतलं.

“गळ्यात हात टाक. जवळ ये, अजून जवळ.”

आणि तो उठला. पाठ ताठ, जोर पायांवर. लहान पावलं टाकत तो निघाला. मांडवाच्या मेढीपाशी वळताना आख्खा फिरला, कंबर पिळली नाही. विधवा म्हणून दाराआड राहिलेली भागाबाई पदर दातांत धरून बघत होती. मनकर्णा मात्र मामाच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती आणि त्याची मान भिजत होती.

बोहल्यापाशी तो हळूहळू खाली बसला. तिचे पाय पाटाला टेकले. उखर्डू उठायला गेला, तर कंबरेत काहीतरी लचकलं आणि त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तो तसाच, मान खाली घालून बसून राहिला.

“मामा, पुरे झालं पाया पडणं, मुहूर्त टळतोय!” भटजी म्हणाले. वऱ्हाड हसलं.

मनकर्णेने मामाच्या कपाळावरचा घाम पाहिला. मुंडावळ्या सावरत ती त्याच्यासमोर टाचांवर बसली, उलट त्याच्याच पाया पडायला बसावी तशी, आणि तिने त्याच्या काखेत हात घातले.

“मामा, जवळ ये,” ती पुटपुटली. “पाठ ताठ. जोर पायाईले.”

दोघं एकदम उभी राहिली. पोरगी गुणाची आहे, असं वऱ्हाडी बायका म्हणाल्या. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं होईपर्यंत मामा नवरीच्या मागे तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. कोण कुणाला धरून आहे, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं.

त्यानंतर उखर्डूने पोत्याला हात लावला नाही. जिनात आता सोजरबाई जायची, कापूस निवडायला. तो ओट्यावर पाठीला उशी लावून बसलेला असायचा. एकदा गिरधरने जाता जाता त्याला छेडलं, “काय रे, पोत्यापरीस भारी व्हती का पोरगी?”

“भारीच व्हती,” उखर्डू म्हणाला. “पण इतकी वर्सं पोती वाह्यली गिरधर, एका बी पोत्यानं माह्या गळ्यात हात टाकला नही.”