लाकडी जोड्यातलं बाळ

हिलच्या नणंदेचं लग्न झालं ते १८८४ साल. त्या वसंतात हॉलंडमधल्या लारेन गावात विणकरांच्या घरांत चित्रकारांनी नुसता उच्छाद मांडला होता. हिलच्या घरीही ॲमस्टरडॅमचे एक साहेब तीन दिवस ठाण मांडून बसले होते.

"हलू नकोस हं, छोट्या आई," साहेब म्हणाले.

हिलच्या सहा वर्षांच्या लेकीनं, नेलने, चिंध्यांचं बाळ बापाच्या लाकडी जोड्यात निजवलं होतं. वर पांढरा रुमाल, अगदी तोंडावरूनसुद्धा.

साहेब उठले. भिंतीकडे तोंड करून टांगलेला आरसा त्यांनी सरळ केला. "आता कसा उजेड पडेल बघ!"

"फिरवू नका! बाळ अजून घरातच आहे," नेल ओरडली.

"अगं, झोपमोड होईल म्हणून का?"

"ते उठणार नाही."

साहेब खो खो हसले. बटाटे सोलणाऱ्या हिलचा हात थांबला. घरातलं मयत मूठमातीला जाईपर्यंत आरसा उलटाच ठेवायचा, हे शहरातल्या माणसाला कोण सांगणार?

मागावरून एव्हर्ट, तिचा नवरा, पुटपुटला, "सांगून टाक की त्यांना. पोर मयताचा खेळ खेळतेय."

"हळू बोल! धाकटा तोयनिस गेल्यापासून पोरगी आज पहिल्यांदा बोलली. त्यांनी खेळ मोडला तर पुन्हा मुकी व्हायची."

"आणि हे असलं चित्र?"

"मला तरी कुठं कळतंय काही?"

चौथ्या दिवशी चित्र पुरं झालं. चित्रात रुमाल गळ्यापर्यंतच होता. बाळाचे गाल लाल, डोळे टक्क उघडे.

नेल बराच वेळ बघत राहिली. "हे कुणाचं बाळ?"

"तुझंच की!" साहेब म्हणाले.

नेलने आईकडे पाहिलं. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर पुन्हा तीच मुकी पोर. शेवटी हिलच्या तोंडून निघून गेलं, "आपला तोयनिस आहे तो."

नेल आईच्या मांडीत कोसळली आणि मोठ्यानं रडू लागली. महिनाभरात डोळ्याला पाणी आलं नव्हतं.

"माझं काही चुकलं का?" ब्रश हातात तसाच धरून साहेब गोंधळून म्हणाले.

हिल पोरीची पाठ थोपटत राहिली. बरं झालं की वाईट, तिचं तिलाच उमगेना.

तोयनिस, हिल आणि एव्हर्टचा मुलगा, २२ फेब्रुवारी १८८४ला, शुक्रवारी पहाटे गेला. सात आठवड्यांचा होता.