मुकी पट्टी

बाईंच्या पेटीची वरची एक पट्टी मुकी होती, आणि ती मुकीच ठेवायची असा बाईंचा हट्ट. लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत अर्धं गाव त्यांच्याकडे गाणं शिकलं. त्या पट्टीपाशी आलं की बाई हात वर करायच्या आणि तो सूर ज्याने त्याने आपल्या गळ्यातून काढायचा. "पेटीच्या कुबड्या घेऊन किती दिवस चालणार?" असं वर ऐकवायच्या.

लेकीला मात्र त्या पट्टीची लाज वाटायची. बाईंचा सत्कार ठरलेला, चार मोठी माणसं येणार, आणि पेटी ही अशी बोळकी! बाई बहिणीकडे गेल्या होत्या तेवढ्यात तिने गुपचूप ती दुरुस्त करून आणली. स्वतः ती कधी गायली नव्हती. वर्गाला चहा द्यायचा आणि दाराशी बसायचं, एवढंच तिचं गाणं.

तालमीला गाणं चढत चढत त्या पट्टीशी आलं. सवयीने बाईंचं बोट पडलं आणि असा खणखणीत सूर निघाला की सगळे दचकून थांबले. बाईंनी मात्र नेहमीसारखा हात वर केला.

"गप्प का झालात? तोंडं शिवली का?"

लेकीने हातातला चहा तसाच खाली ठेवला. आईला तो सूर ऐकूच आला नव्हता. "तोंड इकडे करून बोल गं," असं आई सारखी का म्हणायची, ते आत्ता तिच्या डोक्यात शिरलं. हौसेने काय करून बसलो आपण! आता कसला सत्कार, वर्गच बंद पडणार.

तिने आईसमोर बसून, तोंड तिच्याकडे करून, सगळं सांगितलं. बाईंनी पट्टी पुन्हा दाबून पाहिली. मग भाता बंद केला.

"वरचे सूर जाऊन बरीच वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मी तुमची तोंडं बघून शिकवते. सूर सापडला की भुवया वर जातात. नाही सापडला तो शेजाऱ्याकडे बघतो. पण बहिऱ्या बाईने गाणं शिकवायचं म्हणजे लोक हसतील. पुरे झालं आता."

लॉन्ड्रीवाले काका खाकरले. "बाई, आम्हाला केव्हाचं ठाऊक आहे हो. म्हणून तर चुकलो की मुद्दाम शेजाऱ्याकडे बघतो. तुम्हाला कळायला नको का?"

"मुद्दाम?"

"मग काय!" मागून वर्गातली एक नर्स म्हणाली. "चूक लपवायची तर इथे यायचंच कशाला?"

बाईंना हसू आवरेना, आणि डोळेही आवरेनात. "लबाड कुठले! माना मोडतील अशाने. यापुढे चुकेल त्याने सरळ हात वर करायचा. कबूल?" त्यांनी भाता सोडला. "चला, पुन्हा वरून."

लेक कपबश्या उचलायच्या निमित्ताने दाराशी सटकली होती. आवाज चढले. कुणाचाच हात वर झाला नाही. मग सगळ्यांच्या मागे, दारातून, एक हात हळूच वर आला. लेक जन्मात पहिल्यांदा गायली होती आणि सपशेल चुकली होती.

बाईंनी पेटी थांबवली. "चुकलीस?"

तिने मान डोलावली.

"मग तिथे काय उभी? ये, पुढे बस."