एक फाईल आत, एक फाईल बाहेर

सोलापुरातल्या हृषीकेश सरांच्या कंपनीची भरभराट काय विचारता! पाच वर्षांत दोन खोल्यांचे दोन मजले झाले, बेचाळीस दवाखान्यांत त्यांचं सॉफ्टवेअर चालू लागलं. आणि एकूणएक तक्रार यायची ती एकट्या चंद्रिकाच्या मोबाईलवर. सख्ख्या बहिणीच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या, तेव्हा ही बया मांडवामागं बसून मोहोळच्या दवाखान्याचा प्रिंटर चालू करून देत होती. आता बोला!

पुण्याची नोकरी तिनं स्वतःच्या हिमतीवर मिळवली होती. सोमवारी हजर व्हायचं, तेही मूळ मार्कशीट, डिग्री सगळं घेऊन. आणि ते कागद तर सरांच्या लोखंडी कपाटात! नोकरीला लागताना प्रत्येकाचे ठेवून घ्यायचे, ही तिथली रीतच. सर ओरडणारे नव्हेत, गोड बोलणारे. "जा की, मी कुठं अडवलंय?" म्हणाले. "तुझ्या जागी माणूस दे. त्याची फाईल आत आली की तुझी बाहेर."

महिनाभर ती इंटरव्ह्यू घेत होती. अकरा जण झाले. कुणाला काही येत नव्हतं, आणि ज्याला येत होतं तो सरांना आवडत नव्हता. चंद्रिकाला रडू यायचं, पण रडायला बसावं तर फोन वाजायचा.

शनिवारी बारावी आली. बार्शीची उर्वी, मास्तरांची मुलगी, पहिलीच नोकरी. पोरगी कसली, लवंगी मिरची! विचारलं ते धडाधड लिहून दाखवलं, वर चंद्रिकाच्याच प्रश्नातली चूक काढली. सर खूश. "हिला घेऊन टाक," म्हणत त्यांनी किल्ली काढली आणि चंद्रिकाची फाईल आपल्या टेबलावर आणून ठेवली. फाईलच्या कोपऱ्यात आईनं लावलेलं विभूतीचं बोट अजून दिसत होतं.

बाहेर उर्वी फॉर्म भरत होती. पिशवीतून फाईल काढून तिनं दोन्ही हातांनी पुढं केली. "मॅडम, ओरिजिनल. बाबांनी कव्हर घालून दिलंय. तुम्ही पाच वर्षं आहात, म्हणजे चांगलंच असणार की इथं?"

चंद्रिकाला मुकुंद आठवला. तिच्या आधी तो या जागेवर होता. त्यालाही तिनं हेच विचारलं होतं. "इथं लई शिकायला मिळतं," म्हणून त्यानं हसत फाईल घेतली आणि त्याच संध्याकाळी स्वतःची घेऊन गेला. पाच वर्षं तिनं त्याला मनापासून शिव्या घातल्या होत्या. आता तेच वाक्य तिच्या ओठांवर आलं. गप घे आणि सूट पुण्याला, मन सांगत होतं.

तिनं फाईल घेतली. केबिनच्या दारापर्यंत गेली. तिथून परत आली.

"उर्वी, ही घरी घेऊन जा. इथं फक्त झेरॉक्स दे."

"सर चालवून घेतील?"

"नाही घेणार. आत गेलेली फाईल बाहेर येत नाही गं. माझी अजून आतच आहे."

उर्वीनं पेनाला टोपण लावलं. एवढ्यात सर दारात आले. "झालं का?"

"घरी विचारून सांगते, सर." फाईल छातीशी धरून ती जिना उतरून गेली.

घरी विचारून सांगणारं कुणी परत येत नसतं, हे सरांनाही माहीत होतं. पण आवाज चढवतील ते सर कसले? "हरकत नाही. पुढच्या आठवड्यात आणखी दोघं येतायत," म्हणाले आणि आत गेले. कपाटाचं दार लागलं, किल्ली फिरली.

चंद्रिकाच्या हातातला फोन वाजत होता. करकंबचा दवाखाना.

"हं, बोला," ती म्हणाली.