बॉलची आंघोळ

नाशिक रोडच्या त्या फ्लॅटमध्ये आल्हाद आणि त्याची थोरली बहीण स्वरदा एकत्र राहत होते, ते निव्वळ वडिलांनी वाटणी न करताच डोळे मिटले म्हणून. एरवी दोघांनी एकमेकांना लिफ्टमध्येही घेतलं नसतं.

रविवारी मॉलमधल्या बोलिंग ॲलीत आल्हादची फायनल होती. लेन गुळगुळीत राहावी म्हणून तिच्यावर चोपडलेलं तेल पिऊन पिऊन त्याचा बॉल मठ्ठ झाला होता, पिनांकडे वळायचं नावच घेत नव्हता. म्हणून शनिवारी सकाळी त्याने बॉलला गरम पाण्याच्या बादलीत बसवलं आणि भांड्यांच्या साबणाने आंघोळ घातली. तेल तरंगून वर आलं. गीझर रिकामा झाला.

जानेवारीतल्या नाशकात स्वरदा गार पाण्याने न्हाऊन बाहेर आली. ओठ निळे, पण आवाज शांत.

"किती वर्षं टिकतो रे हा?"

"नीट सांभाळला तर पुष्कळ, ताई. फक्त गरमातून एकदम गारात नेला की तडकतो." बॉलबद्दल कुणी विचारलं की आल्हादला राहवायचं नाही, शत्रूने विचारलं तरी.

पोहे खाऊन तो परतला तेव्हा बादलीत बॉल नव्हता. इतक्यात फ्रीजरमधून टचकन आवाज आला.

त्याने दार उघडलं. मटारांच्या पिशवीशेजारी बॉलची दोन शकलं पडली होती, अगदी सारखी.

"उद्या मी काय टाकू?"

"तुझं अर्धं टाक," स्वरदा केस पुसत म्हणाली. "माझ्या वाट्याला हात लावलास तर कोर्टात खेचीन."