आठवे गाइड

ऑर्विनने पंच व्हॉल्व्हच्या गाइडच्या तोंडावर नीट टेकवला, हातोडा उचलला आणि दोनच घाव घातले. जुने गाइड ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या बिडाच्या हेडमधून सुटून खालच्या लाकडी ठोकळ्यांच्या मध्ये पडले. बोटभर लांबीची ती नळी त्याने उचलून दिव्यासमोर धरली. आतले गोल भोक झिजून लांबट झाले होते. व्हॉल्व्हची दांडी त्यात घातली की खुळखुळायची.

"हे शेवटचं," तो म्हणाला. "आठ झाली."

"आणि एवढ्याशा नळीनं रोज बाटलीभर तेल प्यायलं?" पामरने विचारले. हेड हलू नये म्हणून तो ते दोन्ही हातांनी दाबून उभा होता.

"एकट्या हिनं नाही. आठ जणींनी मिळून."

"मग आपल्या ट्वेटांच्या घरात शोभतात. आपल्यात एकट्यानं कोणी काही केलंय का कधी?"

बोलणे कुठे वळणार ते ऑर्विनला ठाऊक होते. त्याने नुसती कंबर सरळ केली आणि पंच पुसायला घेतला.

पामर बहात्तरचा, ऑर्विन सहासष्टचा. नॉर्थ डकोटातल्या त्या घरात दोघे जन्मले आणि तिथेच राहिले. लग्न कोणाचेच झाले नाही, बापाची जमीनही कधी वाटली गेली नाही. गुरे, स्वयंपाक आणि टेलिफोन पामरकडे, यंत्रे ऑर्विनकडे. हे कोणी बसून ठरवले नव्हते. आईला पुरून आले त्या संध्याकाळी पामर उठून भांडी घासायला लागला आणि ऑर्विन ट्रॅक्टरकडे गेला, तेवढेच.

जानेवारीत एकदा जेवणानंतर ताटल्या पुसता पुसता ऑर्विनने सांगून टाकले. व्हॅली सिटीतली आर्डिस, चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती, नवरा जाऊन चार वर्षे झालेली. वसंतात लग्न करायचे म्हणतोय आणि तिकडेच राहायचे. पामरचे हात फेसात होते.

"ट्रॅक्टर निळा धूर सोडतोय," अखेर तो म्हणाला.

"जाण्याआधी नीट करून देतो."

लग्नाविषयी दोघा भावांचे जे काही बोलणे झाले, ते एवढेच.

तेव्हापासून काम लांबतच गेले. आधी रेडिएटरचा पाइप निघाला, मग क्लच. त्यानंतर पाण्याच्या पंपातून एक आवाज येऊ लागला, तो फक्त पामरलाच ऐकू यायचा. ऑर्विनने तोही पंप उघडला, काही नव्हते, परत बसवला. दोन महिने तो पत्र्याच्या शेडमध्ये काँक्रीटवर गुडघे टेकून होता. रॉकेलच्या शेगडीने एक कूस भाजायची आणि दुसरी गारठून जायची. संध्याकाळी शर्टाची बटणे काढायला बोटे वळत नसत. आर्डिस फोनवर सुरुवातीला "कधी?" म्हणून विचारायची. पुढे तिने विचारणे सोडले; आज खिडकीला पडदे लावले, आज तुझ्यासाठी कपाट रिकामे केले, एवढेच सांगायची. ते ऐकून ऑर्विनला जास्त थकायला व्हायचे. शेवटी त्यानेच शनिवारी येतो म्हणून सांगितले. काही झाले तरी शनिवार.

"नवी गाइडं मी आणतो," पामर म्हणाला. "तू जरा पाठ टेक."

सुट्या भागांच्या दुकानात पामर आजवर कधी गेला नव्हता. ऑर्विनला नवल वाटले, पण पाठ खरोखरच मोडून आली होती.

दुपारी पामर परतला आणि तेलकट कागदातल्या पुरचुंड्या एकेक करून बाकावर मांडल्या. सात.

"आठ सांगितली होती."

"एक कमी आलंय. पुढच्या मंगळवारी येईल. फार तर बुधवारी."

ऑर्विन पालथ्या बादलीवर बसला. "मंगळवारी?"

"तोंड काय पाडतोस? आठवड्यानं काय बिघडतं?" पामरने थर्मासमधली कॉफी ओतून त्याच्या हातात दिली, वर साखरेचा खडा ठेवला. "चार वर्षं थांबलीच आहे की ती बाई."

"ती नवऱ्याच्या दुःखात थांबली होती. माझ्यासाठी नव्हे."

"तेच म्हणतो मी. आणखी आठ दिवस गेले तर कळायचंही नाही तिला."

कप भिंतीवर फेकावा असे ऑर्विनच्या मनात आले. त्याने खडा दातात धरला आणि कॉफी पिऊन टाकली.

सातही गाइडे त्याने कॉफीच्या रिकाम्या डब्यात घालून घरातल्या फ्रीझरमध्ये, हरणाच्या मांसाशेजारी ठेवली. थंडीने लोखंड केसभर आकसते आणि तापवलेल्या हेडमध्ये सरळ उतरते. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळपासून तो एकेक बसवत गेला. अकराच्या सुमाराला सात भोके भरली. आठवे तेवढे उघडे राहिले. आता आर्डिसला फोन करायला हवा होता. काय सांगायचे ते त्याने दोनदा मनात घोळवले, आणि दोन्ही वेळा ते त्यालाच खोटे वाटले.

शेडच्या खुंटीवरचा कोट चढवून तो बाहेर पडला. दोघांचे कोट एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले, एकाच तपकिरी रंगाचे. हातमोज्यांसाठी खिशात हात घातला तेव्हा मोजे नव्हतेच; पामर चुकून त्याचा कोट घालून गेला होता. तेलकट कागदाची एक पुरचुंडी होती. ती उघडायची गरज नव्हती, वजनावरूनच कळले.

तो तसाच बर्फ तुडवत गोठ्याकडे निघाला. दोन महिन्यांचे सगळे शब्द तोंडाशी आले होते. दार अर्धवट उघडे होते. आत पामर गवताच्या भाऱ्यावर बसला होता, चष्मा लावून, दाराकडे पाठ करून. मांडीवर ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका होती. ती चाळीस वर्षांत पामरने हातात धरलेली ऑर्विनने पाहिली नव्हती. पामर एका आकृतीवर बोट ठेवी, मग खालच्या ओळीवर, मग पुन्हा आकृतीवर, आणि शाळेतल्यासारखे ओठ हलवत वाचे. मध्येच त्याने मागचे पान उलटले, मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. वासरू पोटात आडवे आले तर अंधारातही नुसत्या हाताने वळवणारा हा माणूस.

ऑर्विन आल्या पावली मागे फिरला. घरात जाऊन त्याने पुरचुंडी सोडली, गाइड डब्यात टाकून फ्रीझरमध्ये ठेवले आणि कोट पुन्हा शेडच्या खुंटीला अडकवला. फोन केला नाही.

दुपारी दोघे जेवायला बसले. बटाटे खाऊन झाल्यावर ऑर्विन म्हणाला, "शेडमध्ये चल. काम आहे."

हेड शेगडीजवळ तापून तयार होते. ऑर्विनने डबा बाकावर ठेवला. आत दहिवर धरलेले एकच गाइड होते. पामरने ते पाहिले.

"मिळालं?"

"मिळालं."

"ऑर्विन, मी ते..."

"हातोडा घे. गार आहे तोवर बसेल, नाहीतर बसायचं नाही."

"मी?"

"मग काय आर्डिसला बोलावू?"

पामरने पंच धरला. पहिला घाव इतका हलका पडला की गाइड जागचे हलले नाही.

"लाजतोस काय? मार."

"आणि फुटलं म्हणजे?"

"फुटलं तर मंगळवारी दुसरं येतंच आहे की."

पामरचे कान लाल झाले. तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत त्याने हातोडा हाणला, पुन्हा हाणला, आणि गाइड खुणेपर्यंत सरळ उतरले. मग ऑर्विनने भोक आतून मापात खरवडायचा रीमर त्याच्या हातात दिला.

"आत घालताना उजवीकडं फिरव. काढतानाही उजवीकडंच. उलटं फिरवलंस की धार गेली."

"तेल घालू?"

"बिडाला नको."

पहिले दोन फेरे पामरने घाबरत घाबरत दिले. तिसऱ्या फेऱ्याला त्याचे खांदे सैल झाले. आपल्याला दिसत नाही तिथे बोटांनी चाचपत जायची त्याला सवय होती. हातांना ते ओळखीचे वाटले असावे. काळा भुगा निघत गेला. भोक पुसून ऑर्विनने व्हॉल्व्ह पुढे केला. पामरने दांडी वरून सोडली. ती आपल्याच वजनाने, जराही न डुलता, सावकाश खाली गेली.

"असंच हवं?"

"असंच."

पामर फडक्याने एकेक बोट पुसत राहिला.

"रेडिओवर सांगत होते," तो म्हणाला, "शनिवारी मोठं वादळ आहे. व्हॅली सिटीचा रस्ता बंद होणार म्हणे."

ऑर्विनने मान वर केली नाही. आता भांडायचे तरी कशाने, तेही सुचेना.

"शुक्रवारीच निघ," पामर म्हणाला. "जेवून लगेच. म्हणजे उजेडी पोचशील."

ऑर्विनचा हात व्हॉल्व्हवर थांबला.

"अजून हेड चढवायचंय," तो म्हणाला. "स्प्रिंगा राहिल्यात. व्हॉल्व्ह घासायचेत."

"मग दोन दिवस आहेत की." पामरने बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि बाकाशी येऊन उभा राहिला. "तू बस. हात लावू नकोस, नुसतं सांग. आधी काय?"