हिरवा ठिपका

दोघा भावांनी मिळून एक प्रोग्राम केला होता. डाव्या बाजूला कामांची यादी, उजव्या बाजूला लिहायला कोरं पान. खातं उघडा, पासवर्ड घाला, पैसे भरा, असली भानगड नाही. लिहिलेलं ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवरच राहायचं, इंटरनेट असो वा नसो. कोडही सगळ्यांना उघडा. कुणीही यावं, बघावं, दुरुस्ती सुचवावी. थोरल्याने ती मान्य केली की पुढच्या आवृत्तीत ती सगळ्यांकडे जायची.

मुळात तो केला होता आईसाठी. आई कपडे शिवायची. मापं चिठ्ठ्यांवर, चिठ्ठ्या डब्यात आणि डबा कुठे ते देव जाणे. धाकटा म्हणाला, "आई, तुझा डबाच कॉम्प्युटरमध्ये घालतो." आईने आधी नाक मुरडलं, मग एका बोटाने अक्षरं शोधायला लागली. एक शब्द झाला की हात मांडीवर घ्यायची, चष्मा वर सरकवायची आणि बरोबर उमटलाय का ते निरखून बघायची. घरातला म्हातारा कॉम्प्युटर लिहिलेलं जतन करताना क्षणभर गोठायचा आणि आईला वाटायचं, लिहिलेलं गेलं. म्हणून धाकट्याने ते जतन करणं बरोबर त्या चष्म्याच्या वेळेत बसवलं. हात थांबला की जतन. मग कोपऱ्यातला लाल ठिपका हिरवा व्हायचा.

"हिरवा झाला की समज, मी नीट ठेवलं," तो आईला सांगायचा.

पुढे धाकटा गेला. आजार कळला तेव्हा उशीर झाला होता, आणि त्याबद्दल याहून जास्त काही थोरल्याला कधी बोलता आलं नाही.

प्रोग्राम मात्र वाढत राहिला. न पाहिलेली, न भेटलेली माणसं दुरुस्त्या पाठवत राहिली. अशा कोडमध्ये प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कुणी लिहिली त्याचं नाव दिसतं. चांगली दुरुस्ती आली की धाकट्याच्या काही ओळी जायच्या, तिथे दुसऱ्याचं नाव यायचं. थोरला मान्य करत गेला. न करून सांगतो कुणाला? शेवटी धाकट्याचं नाव एकाच जागी उरलं, त्या ठिपक्यापाशी.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. नावाऐवजी मांजराचं चित्र लावणाऱ्या कुणीतरी एक दुरुस्ती पाठवली. म्हणणं साधं होतं: हात थांबायची वाट बघणं धोक्याचं आहे, कुणी न थांबता लिहीत सुटलं आणि मध्येच वीज गेली तर सगळंच जाईल, हा भाग हात चालू असतानाच जतन करेल असा नव्याने लिहायला हवा, आणि मी लिहिलाय. म्हणणं खरं होतं, म्हणून तर थोरल्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. धाकट्याने टाइप करताना नीट पाहिलं होतं ते फक्त आईला. त्याला वाटलं, सगळं जग असंच शब्दाशब्दाला थांबून बघतं.

थोरल्याने नसती खुसपटं काढली. हे नाव बदला, ते परत तपासा. मांजर निमूटपणे सुधारून पाठवायचं. मग त्याने जुन्या ओळी ठेवून वरवर डागडुजी करून पाहिली, तर एकीकडे बुजवलं की दुसरीकडे गळायला लागलं. शेवटी त्याने ते तसंच पडू दिलं. आज बघू, उद्या बघू.

अशात कोर्टातल्या एका निवृत्त टायपिस्ट बाईंची मेल आली. "आम्हाला थांबायची सवय नाही. साक्षीदार बोलत सुटला की हात चालूच ठेवायचे. काल माझ्या गेलेल्या बहिणीबद्दल लिहायला बसले आणि इतकी वर्षं न आलेलं सगळं एका दमात आलं. तेवढ्यात वीज गेली. तक्रार नाही, तुमचा प्रोग्राम फुकट वापरते. फक्त विचारते, ते कुठे सापडेल का?"

ते कुठेच सापडणार नव्हतं. बाईंनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. थोरल्याने माफी मागितली, आणि मांजराची दुरुस्ती मान्य केली.

जुन्या ओळी कोडच्या इतिहासात राहतात. कधीही उघडून वाचता येतात, पण त्या चालत नाहीत. त्याने चालत्या कोडमध्ये भावाचं नाव शोधून पाहिलं. एकही ओळ निघाली नाही. भर दुपारी, कामाच्या टेबलाशी तो हमसून हमसून रडला.

आता राहिली आई. तिच्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं. नवी आवृत्ती थोरलाच पेनड्राइव्हवर नेऊन घालायचा. तो गेला तेव्हा आई एका गिऱ्हाइकाची मापं भरत होती. दहाही बोटं, नजर टेपवर, कळांकडे बघणंसुद्धा नाही.

"आई, एवढं भरभर कधीपासून?"

"झाली की वर्षं. रोज लिहिते ना." मापं संपवून तिने दुसरं पान उघडलं. त्यावर धाकट्याचा फोटो होता आणि खाली लांबच लांब मजकूर. तिने एक शब्द लिहिला आणि हात मांडीवर घेतले. ठिपका हिरवा झाला. मग दुसरा शब्द. परत हात मांडीवर.

पेनड्राइव्ह हातात फिरवत थोरल्याने कसंबसं सांगितलं. ठिपक्याचा भाग बदललाय. त्यात चूक होती. एका बाईंचं फार मोलाचं लिहिलेलं गेलं.

"माझंही गेलंय," आई म्हणाली. "त्याच्या वाढदिवसाला. हात थांबेचनात, आणि वीज गेली."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू दुरुस्त केलं असतंस." तिने चष्मा काढून पदराला पुसला. "परत लिहिलं मी. थांबत थांबत. लोकांचं बदललंस ते बरं केलंस, लोकांचं जायला नको. त्या बिचारीचं तर आधीच बदलायला हवं होतंस. पण माझं राहू दे बाबा. माझ्या मशीनवर माझ्या मर्जीशिवाय काही बदलत नाही, असं तुम्हीच सांगायचात ना?"

"हो."

"मग झालं तर."

त्याने पेनड्राइव्ह खिशात टाकला. त्याच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर नवी आवृत्ती केव्हाच चढली होती. तिथला ठिपका आता लाल होतच नव्हता. आपल्या हाताने भावाला पुसून आलो आणि आईला चुकीबद्दल समजावायला बसलो, याची त्याला लाज वाटली. तो तिच्या बाजूला स्टूल ओढून बसला.

"मी लिहू एक शब्द?"

आईने कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला. त्याने लिहिलं, 'धाकट्या'. पुढे काय लिहायचं ते सुचेना. बोटं कळांवरच रेंगाळली, एक चुकीचं अक्षर उमटलं, ते खोडलं, परत चाचपडली. ठिपका लालच राहिला.

"हात उचल," आई म्हणाली. "असा चाळा करत राहिलास तर तो यायचा कसा?"

त्याने हात मांडीवर घेतले, आणि दोघं कोपऱ्याकडे बघत बसली.